नामदेवला परतीचं गाव नव्हतं

नामदेव ढसाळवर लिहायला बसलं की आपले समीक्षक 'महानगरीय संवेदना' हा शब्द हटकून काढतात. मला तो खटकतो. संवेदना महानगराची, मग माणूस कुठून आला ते कुणी विचारायचं?

नामदेव १९४९ साली पुणे जिल्ह्यातल्या पूर गावी महाराच्या घरात जन्मला. पोरवयात मुंबईला आला, कामाठीपुऱ्याच्या वस्तीत वाढला, पुढं टॅक्सी चालवली. मराठी कवितेतला चाकरमानी गावाकडं वळून बघतो तेव्हा त्याला ओढा दिसतो, आमराई दिसते. माझा बाप वळून बघायचा तेव्हा त्याला तराळकी दिसायची. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याला अज्ञानाची गुहा म्हटलं, ते उगाच नव्हं.

म्हणून १९७२ च्या 'गोलपिठा'त गावाची ओढ नाही. पण शहराचं कौतुकही नाही. गावकूस मागं पडलं म्हणावं, तर मुंबईनं नवं कूस उभं केलेलं. त्या कुसाबाहेरच्या बायाबापड्यांचं जिणं नामदेवनं त्यांच्याच बोलीत मांडलं. आमच्या एका प्राध्यापकांना ते शब्द अश्लील वाटले. माझ्या आईला ते रोज नळावर ऐकू यायचे.

गाव उरलं ते फक्त जिभेवर. १९८१ च्या संग्रहाचं नावच बघा : 'तुही यत्ता कंची'. शाळकरी पोराला विचारावा तसा साधा प्रश्न, तोही गावच्या बोलीत. पण वर्ग कुठला, हे विचारणं आपल्याकडं कधी साधं होतं?

मानसन्मान पुढं आले. १९९९ साली पद्मश्री, २००४ साली साहित्य अकादमीचा सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव. दरम्यान पँथरचा हा संस्थापक आणीबाणीच्या बाजूनं उभा राहिला, नंतर शिवसेनेच्या जवळ गेला. हे आपण झाकू नये. मला वाटतं, राजकारणातला नामदेव कुणाच्या तरी घरात जागा मागत राहिला. कवितेतल्या नामदेवला मात्र कुठलंच घर मानवलं नाही, आणि तीच त्याची खरी कमाई.

२०१४ साली तो गेला. पुरस्कारांची यादी वाचून त्याला आपल्या कपाटात बसवणारे बसवोत. मित्रहो, आजही शहरात खोली बघायला गेलेल्या पोराला 'गाव कुठलं, आडनाव काय' असं विचारून जात चाचपली जाते. त्या पोराच्या हातात 'गोलपिठा' द्या. ते पुस्तक त्याच्यासाठी आहे.