सरासरीच्या शहरात कोणीच राहत नाही

शहरी वाहतुकीवर सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिल्या आठवड्यातच एक आलेख तुमच्यासमोर येणार, हे मी आजच सांगून ठेवते. आडव्या अक्षावर शहराची घनता, उभ्या अक्षावर माणशी पेट्रोलचा खप. वर डाव्या कोपऱ्यात ह्यूस्टनसारखी ऐसपैस अमेरिकन शहरं, खाली उजवीकडे दाटीवाटीचं हाँगकाँग, आणि मधून घसरगुंडीसारखी उतरणारी एक वक्ररेषा. पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1989 साली 32 शहरांची माहिती जमवून हे काम प्रसिद्ध केलं. तेव्हापासून पाठ्यपुस्तकं, सरकारी अहवाल, सादरीकरणं, सगळीकडे हा आलेख फिरतो आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही तो चिकटवला होता. 'शहर पसरलं की गाडीवाचून जगता येत नाही' हे वाक्य त्याच्याखाली लिहून मोकळी झाले होते.

आज त्याच वाक्याची उलटतपासणी करायची आहे.

आधी श्रेय. ज्या काळात एका शहराची आकडेवारी मिळवायलाही पत्रव्यवहार करावा लागे, त्या काळात यांनी बत्तीस शहरांचे रस्ते, पार्किंग, बस, रेल्वे, इंधन असा सगळा हिशेब एका जागी मांडला. वाहतुकीचा प्रश्न जमिनीच्या वापराशी बांधलेला आहे, हे ठसवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. उत्पन्न आणि पेट्रोलचा भाव यांचा विचारही त्यांनी केला होता. तेव्हा 'आलेख चुकीचा आहे' असं म्हणून हात झटकू नका. त्यातून किती निष्कर्ष निघतो आणि आपण किती काढतो, एवढंच पाहू.

पहिली शंका अंकगणिताची. आडव्या अक्षावर लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ आहे. उभ्या अक्षावर पेट्रोल भागिले लोकसंख्या आहे. म्हणजे लोकसंख्या एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली बसली आहे. ती वाढली की बिंदू आपोआप उजवीकडे आणि खाली सरकतो. पटत नसेल तर एक्सेल उघडा. पेट्रोल, लोकसंख्या, क्षेत्रफळ असे तीन रकाने करा, त्यांत एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले यादृच्छिक आकडे भरा, दोन्ही गुणोत्तरं काढा आणि आलेख काढा. उतरती घसरगुंडी तिथेही दिसेल. याचा अर्थ मूळ आलेखातलं सगळंच नातं भास आहे असा नाही. पण त्यातला किती भाग शहरांचा आणि किती भागाकाराचा, हे नुसत्या वक्ररेषेकडे बघून कळत नाही. व्हायवाला हा प्रश्न कोणी विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेला बरा.

दुसरी शंका जास्त खोल आहे, आणि तिच्यासाठी लॉस एंजेलिसला जावं लागेल. पसरलेलं शहर म्हटलं की जगभर हेच नाव निघतं. आता 2010 च्या अमेरिकन जनगणनेतले सलग नागरी वस्तीचे आकडे बघा. लॉस एंजेलिसच्या नागरी पट्ट्यात चौरस मैलाला सुमारे 7,000 माणसं. न्यूयॉर्कच्या पट्ट्यात सुमारे 5,300. म्हणजे हे 'पसरलेलं' शहर देशातल्या मोठ्या नागरी पट्ट्यांत सगळ्यात दाट निघालं, न्यूयॉर्कपेक्षाही दाट!

हे कसं झालं? न्यूयॉर्कच्या पट्ट्यात मॅनहॅटन आहे, तशीच न्यू जर्सी आणि कनेटिकटमधली मोठमोठ्या अंगणांची उपनगरंही आहेत. लॉस एंजेलिस डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये अडकलेलं. तिथली उपनगरं लहान प्लॉटांची, पण मैलोन्‌मैल एकसारखी. सरासरी काढताना हा फरक पुसला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन शहरं, दोन्हींची लोकसंख्या 10 लाख, क्षेत्रफळ 100 चौरस किलोमीटर. सरासरी घनता दोन्हीकडे 10,000. पहिल्या शहरात माणसं सगळीकडे सारखी पसरली आहेत. दुसऱ्यात 8 लाख माणसं मधल्या 20 चौरस किलोमीटरमध्ये राहतात आणि उरलेली 2 लाख बाकीच्या 80 मध्ये. आता प्रश्न बदला. 'जमिनीच्या सरासरी तुकड्यावर किती माणसं?' असं न विचारता 'सरासरी माणसाच्या आजूबाजूला किती दाटी?' असं विचारा. पहिल्या शहरात उत्तर तेच, 10,000. दुसऱ्यात 8 लाखांच्या आसपास 40,000 ची दाटी आणि 2 लाखांच्या आसपास 2,500 ची. माणसांच्या प्रमाणात सरासरी काढली तर 32,500. यालाच लोकसंख्या-भारित घनता म्हणतात. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 2010 च्या महानगर क्षेत्रांसाठी ती काढली तेव्हा न्यूयॉर्क चौरस मैलाला सुमारे 31,000 वर गेलं आणि लॉस एंजेलिस सुमारे 12,000 वर राहिलं.

बस ज्या थांब्यावर थांबते तिथे किती माणसं चालत येऊ शकतात, यावर बसचं भवितव्य ठरतं. हे दुसरी सरासरी थोडंफार सांगते, पहिली जवळजवळ सांगतच नाही.

इथपर्यंतचं सगळं पद्धतीचं झालं. तिसरी शंका माणसांची आहे, आणि हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला.

'शहर फारच पसरलेलं आहे, इथे बस चालणार नाही' हे वाक्य ऐकायला निदान वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा ती सबब असते. याच लॉस एंजेलिसमध्ये 1994 साली बसने प्रवास करणाऱ्यांच्या बाजूने तिथल्या वाहतूक प्राधिकरणावर फेडरल कोर्टात नागरी हक्कांचा दावा दाखल झाला. प्राधिकरण बसचं भाडं 1.10 डॉलरवरून 1.35 वर नेणार होतं आणि 42 डॉलरचा मासिक पास बंद करणार होतं. त्याच वेळी रेल्वेवर प्रचंड पैसा खर्च होत होता. दाव्याचं म्हणणं असं, की बसने जाणारे बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई लोक आहेत, आणि सार्वजनिक पैशाची ही वाटणी त्यांच्याशी भेदभाव करते. 1996 मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. पास वाचला. बसमधली गर्दी कमी करण्याचं बंधन प्राधिकरणावर आलं. उभ्याने जाणाऱ्यांची सरासरी संख्या 15 वरून टप्प्याटप्प्याने 8 वर आणायची होती. हा हुकूमनामा दहा वर्षं लागू होता.

आता मुद्दा बघा. 'पसरलेल्या शहरात बस चालत नाही' हे खरं असतं, तर तिथल्या बस रिकाम्या धावायला हव्या होत्या. प्रत्यक्षात भांडण झालं ते बसमध्ये उभं राहायला जागा नाही म्हणून. गाडीवाचून जगणारे लाखो लोक त्या शहरात रोज कामावर जात होते. आलेखातल्या एका बिंदूत ते मावले नाहीत, कारण त्या बिंदूत गाडीवाला आणि बसवाली यांचा खप एकत्र करून माणशी भागला आहे. पेट्रोल न जाळणारी बाई तिथे दिसते ती फक्त दुसऱ्याचा आकडा थोडा खाली ओढणारी म्हणून.

'गाडी नसलेलं घर' या वर्गातही अशीच सरमिसळ असते. गाडी नको म्हणून न घेणारे आणि परवडत नाही किंवा चालवता येत नाही म्हणून नसलेले, हे दोन्ही एकाच रकान्यात. कॅलिफोर्नियातल्या सर्वेक्षणांवर काम करणाऱ्या संशोधकांनी हे वेगळे करून दाखवले, तेव्हा नाइलाजाने गाडीवाचून राहणाऱ्यांचा गट कितीतरी मोठा निघाला. एकीला स्वातंत्र्य म्हणायचं आणि दुसरीला अडचण, आणि दोघींसाठी एकच धोरण सुचवायचं, असं करून चालेल का?

आता आपल्याकडे या. यातलं काहीही जसंच्या तसं उचलून पुण्यावर ठेवू नका. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 4.7 टक्के घरांकडे कार होती, 21 टक्के घरांकडे दुचाकी. म्हणजे 'कार नसलेलं घर' हा चल इथे 95 टक्के घरांना लागू पडतो. जवळजवळ सगळेच ज्यात बसतात, तो चल काय समजावून सांगणार? आपल्याकडची खरी रेघ बहुतेक वेळा दुचाकीपाशी पडते. आणि तीही घराच्या पातळीवर थांबत नाही. घरात एक स्कूटर आहे, ती सकाळी नवरा घेऊन जातो. जनगणनेच्या लेखी घर वाहनवालं. त्या घरातली बाई मात्र दिवसभर पीएमपीच्या थांब्यावर नाहीतर शेअर रिक्षात.

घनतेचंही तसंच. 2021 साली 23 गावं पुणे महापालिकेत आली आणि हद्द सुमारे 331 चौरस किलोमीटरवरून 500 च्या पुढे गेली. अधिसूचना निघाली त्या दिवशी एकाही माणसाने घर बदललं नाही, एकही बस वाढली किंवा कमी झाली नाही. पण तुमच्या टेबलमधलं पुणे मात्र रातोरात जास्त 'पसरलं'. 2021 च्या आधीची आणि नंतरची घनता शेजारी ठेवून कोणी निष्कर्ष काढला असेल, तर आधी दोन्हीकडचा छेद तपासा.

मग तो आलेख सिनॉप्सिसमध्ये घ्यायचा की नाही? घ्या. पण त्याच्या शेजारी तीन ओळी लिहा: शहराची हद्द कोणी आणि कधी आखली, भागाकारात कोण कुठे बसलं आहे, आणि ज्यांच्याबद्दल मी बोलते आहे ते लोक या आकड्यात मोजले गेलेत की मिसळले गेलेत. माझ्या गाईडनी माझ्या त्या पहिल्या सिनॉप्सिसवर आलेखाच्या बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'यात बसने येणारी कुठे आहे?' तेव्हा मी स्वतः दोन बस बदलून विद्यापीठात येत होते, आणि तरी तो प्रश्न मला सुचला नव्हता.