धुळीआडची दीर्घिका आणि आमचें आकाशवर्णन

युक्लिड या युरोपीय अवकाश-दुर्बिणीचीं पहिलीं रंगीत चित्रें नोव्हेंबर २०२३ मध्यें प्रसिद्ध झालीं. आय. सी. ३४२ या सर्पिल दीर्घिकेचें चित्र त्यांत होतें. तें सुंदर आहे यांत संशय नाहीं. परंतु अशा चित्रांच्या आधारानें मराठींत जें आकाशवर्णन रूढ होऊं पाहत आहे, त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या दीर्घिकेस ज्योतिर्विद ‘लपलेली’ म्हणतात. अंतर सुमारें एक कोटी प्रकाशवर्षें. दीर्घिकांच्या हिशेबानें हा शेजारच होय. पण ती आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यालगत दिसते, आणि तिचा प्रकाश ताऱ्यांमधील धुळीच्या दाट थरांतून गाळून आपल्यापर्यंत पोंचतो. निळा प्रकाश अधिक गिळला जातो, तांबडा कमी. (आकाशगंगा हें एकीचेंच विशेषनाम, दीर्घिका हें सामान्यनाम, हा भेदही आमचे लेखक पाळीत नाहींत!) ही धूळ सर्वत्र प्रकाश शोषते हें ट्रम्पलर यांनीं १९३० सालीं तारकागुच्छांवरून दाखवून दिलें. तोंवर एखादी वस्तु मंद दिसली कीं ती दूर असलीच पाहिजे, असा तर्क सहज केला जाई.

आतां यवतमाळ जिल्ह्यांतील एखादें खेडें डोळ्यांपुढें आणावें. डिसेंबरचा उत्तरार्ध, कपाशीची वेचणी चाललेली, रात्र निरभ्र व चंद्रहीन. दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ माथ्यावर येतात. त्यांच्यापासून ध्रुवाकडे रेघ ओढली, तर तिचा दोन-तृतीयांश भाग संपतो तेथें, उत्तर क्षितिजापासून सुमारें ४२ अंशांवर, ही दीर्घिका असते. चित्र पाहून हुरळलेल्या शाळकरी मुलीनें लहानशी दुर्बीण तिकडे वळविली, तर तिला काय दिसेल? एक पुसट करडा डाग. तोही नजर किंचित् बाजूस ठेवली तर. दीर्घिकेचा विस्तार पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सुमारें दोन-तृतीयांश, आणि धुळीनें आधींच लुटलेला प्रकाश एवढ्या जागेंत पसरलेला! सर्पिल बाहु नाहींत, रंग नाहींत. हें तिला कोणीं आधीं सांगितलेलें नसतें. मुलगी दुर्बिणीस दोष देते, नाहीं तर स्वतःच्या डोळ्यांस. लेखकास देत नाहीं. आमचा आक्षेप नेमका येथें आहे.

चित्र खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. युक्लिड दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशही टिपते. अवरक्त किरण धुळींतून बरेचसे पार होतात, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या त्या प्रकाशास दृश्य रंग द्यावे लागतात. हें सांगण्यास दोन वाक्यें पुरतात. त्यांच्या जागीं ‘विश्वानें आपला बुरखा दूर केला’ असली अलंकारिक भाषा येते. धूळ हा बुरखा नव्हे. वृद्ध ताऱ्यांनीं फेंकून दिलेलें तें द्रव्य आहे, आणि तशाच धुळींतून पुढें ग्रह घडतात. वेचणीवाल्यांच्या पायांखालची काळी जमीन, एका अर्थानें, त्याच जातीची.

खरी रम्य कथा तर शोधाच्या वाटेची आहे. याच दिशेस पाओलो माफेई यांस १९६७ सालीं अवरक्त छायाचित्रांत दोन दीर्घिका सांपडल्या. १९९४ सालीं हॉलंडमधील ड्विंगेलोच्या रेडिओ-दुर्बिणीनें आणखी एक सर्पिल दीर्घिका हुडकली, कारण रेडिओलहरींस ही धूळ अडवीत नाहीं. अशा लहरी ऐकणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नारायणगांवाजवळ खोडद येथें उभ्या आहेत. मराठी वाचकास इतकें जवळचें उदाहरण असतांना लेखकानें बुरख्याकडे कां वळावें?

जयंत नारळीकरांचें ‘आकाशाशी जडले नाते’ ज्यांनीं वाचलें, त्यांस एखादी गोष्ट कशी कळली हें सांगण्यांत किती गोडी असते तें ठाऊक आहे. चित्राखालीं तीन गोष्टी छापाव्या, एवढेंच आमचें मागणें आहे: कोणता प्रकाश टिपला, किती वेळ टिपला, आणि साध्या दुर्बिणींतून त्या जागीं काय दिसेल. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘पुसट डाग’ असेल तर तसेंच छापावें. त्या मुलीला तो डाग सांपडेल.