नक्षीमागची खळ

विल्यम मॉरिसने १८६२ साली ‘ट्रेलिस’ हा वॉलपेपर रेखाटला. जाळीवर चढलेले गुलाब त्याचे, त्यांतले पक्षी फिलिप वेबचे. त्या नक्षीबद्दल भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते तिच्या पाठीमागे दडलेल्या थरांबद्दल, म्हणजे भिंतीची तयारी आणि खळ यांबद्दल. हा कागद लाकडी ठशांनी, डिस्टेंपरच्या रंगांत छापलेला. दर्शनी बाजूवर खळीचा थेंब पडला आणि तो ओल्या फडक्याने पुसायला गेलं, तर रंगच उठून येणार. असा कागद लावणाऱ्याला चूक झाकायला जागाच नसते, म्हणून त्याच्या कामात रस घ्यावासा वाटतो.

तो सुरुवात करतो भिंतीपासून. ओला तळवा तिच्यावरून फिरवून बघतो. तळव्याला पांढरं लागलं तर खाली जुना डिस्टेंपर आहे. तो धुऊन, खरवडून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण खळ डिस्टेंपरला धरेल आणि डिस्टेंपर भिंत सोडेल. पोपडे काढणं, भेगांत लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं इथवर आपल्याकडचा रंगारीही हेच करतो. यानंतरचं काम मात्र खास वॉलपेपरचं. पातळ केलेली खळ, पूर्वी सरसाचं पाणी, सगळ्या भिंतीला मारून वाळू द्यायचं. याला साइझिंग म्हणतात. कोरडा गिलावा खळीतलं पाणी बघता बघता पिऊन टाकतो; कागद टेकला की टेकला, मग तो हलत नाही. साइझ मारलेल्या भिंतीवर तोच कागद तळहाताने अलगद सरकतो. ओळंब्याने आखलेल्या रेषेशी तो जुळवता येतो, शेजारच्या पट्टीच्या कडेला कड भिडवता येते. सरकायला मिळणारी ही थोडी सवड म्हणजे या कामाचा जीव आहे, असं मला वाटतं.

मग अस्तर. कोरा कागद, आणि तो आडवा लावायचा. वरचा कागद उभा असल्यामुळे सांध्यावर सांधा येत नाही. पण अस्तराचं खरं मोल वाळताना कळतं. भिजलेला कागद रुंदीत फुगतो, वाळताना आखडतो आणि दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. सगळा ताण सांध्यावर. अस्तर तो ताण पेलतं आणि ओलही सारखी शोषून घेतं, म्हणून सांधा उकलत नाही.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात याच्याही पुढची काळजी घेत. यॉर्कशरमधल्या नॉस्टेलच्या वाड्यात थॉमस चिपेनडेलने १७७१ मध्ये चिनी हातरंगी कागद लावले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्फत येत म्हणून असल्या कागदांना तिथे ‘इंडिया पेपर’ म्हणत. इतका मोलाचा माल त्या काळी बऱ्याचदा थेट गिलाव्यावर लावतच नसत. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणायचं, त्यावर अस्तर, त्यावर चित्र. मागे हवा खेळती राहते, ओल कागदापर्यंत पोचत नाही, आणि हवं तेव्हा चित्र सोडवून घेता येतं.

सोडवता येणं हीच चांगल्या खळीचीही कसोटी. गव्हाच्या स्टार्चची खळ मला सगळ्यांत देखणी वाटते. कुरडयांसाठी काढतो तोच हा चीक. दुधासारखा पांढरा असतो. साठ अंशांच्या आसपास कण पाणी पिऊन फुगू लागतात, ढवळणारा हात जड होतो आणि पांढरेपणा जाऊन चकाकी येते. गार झाल्यावर तो चाळणीतून घासायचा आणि पाणी घालत ब्रशला ओढ लागेल इतपत सैल करायचा. जड, उठावदार कागद धरावा तर यानेच. मिथाइल सेल्युलोज मवाळ आहे. ते गार पाण्यात विरघळतं, गरम पाण्यात विरघळत नाही. त्याचा डाग सहसा दिसत नाही, बुरशीलाही ते फारसं रुचत नाही. अस्तराला आणि हलक्या कागदाला मी तेच निवडेन. पीव्हीए घातलेल्या तयार खळी हटून धरतात. नाजूक कागदाखाली त्या मला नकोत, कारण पुढे कागद काढायची वेळ आली तर गिलाव्याचे टवके घेऊन येतात.

खळ लावलेली पट्टी घडी घालून मुरू द्यायची, आणि प्रत्येक पट्टीला वेळ सारखाच द्यायचा. एकीला घाई झाली तर ती भिंतीवर गेल्यावर फुगते, बुडबुडे उठतात आणि गुलाबाची अर्धी पाकळी शेजारणीशी जुळत नाही.

मुंबई-कोकणात मात्र ही देखणी खळ जपून वापरावी. स्टार्च हे बुरशीचं आणि किडीचं खाद्य आहे; आपले पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात ते त्याचसाठी. व्हिनाइलचा कागद तर ओल आत कोंडून ठेवतो, तिथे बुरशीनाशक मिसळलेलीच खळ घ्यावी. आणि पश्चिमेची भिंत पावसाळाभर ओल धरत असेल तर कोणत्याच खळीचा इलाज नाही. आधी बाहेरची गळती शोधून बंद करावी, भिंत पुरती सुकू द्यावी. तोवर तिला चुनाच बरा.