दाद पुरेशी नाही

मराठीत सध्या सगळ्यात हौसेने लिहिला जाणारा कथाप्रकार कोणता, असे कुणी विचारले तर मी अतिलघुकथेचे, म्हणजे अलकचे नाव घेईन. पाच-सहा ओळी, फार तर शंभर शब्द. बँकेतून निवृत्त झालेले लिहितात, शाळेतल्या शिक्षिका लिहितात, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारी मुले-मुलीही लिहितात. सकाळी कुणीतरी एखादा विषय देतो आणि रात्रीपर्यंत त्यावर ढीगभर कथा जमतात. एकाची वाचून दुसऱ्याला सुचते, दुसऱ्याचा शेवट वाचून तिसरी आपला बदलते. कथालेखन हे एकट्याने, दार लावून करायचे काम अशी आपली समजूत. इथे ते चारचौघांत चालते. मला हे मनापासून आवडते. म्हणूनच, इतक्या उत्साहातून येणाऱ्या कथा एकमेकींसारख्याच का दिसतात, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

चुरशीने रचना करणे आपल्याकडे जुनेच आहे. कलगी-तुऱ्याच्या शाहिरीत कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. एकाने कूट घालायचे आणि दुसऱ्याने ते जागच्या जागी फोडायचे, यातच शाहिरांच्या रात्री सरत. समस्यापूर्तीत सगळ्या कवींना एकच चरण मिळे. विषय देऊन अलक लिहिणारे त्याच घराण्यातले आहेत. पण कलगी-तुऱ्यात समोरचा पक्ष चूक पकडायला टपलेला असे. रचना सैल पडली की सवाल अंगावर येई, आणि तो येणार हे ठाऊक असल्याने रचनेला धार येई.

अतिलघुकथेची मराठी पूर्वपीठिका सांगताना खांडेकरांच्या रूपककथांचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. मला मात्र दिवाकर जास्त जवळचे वाटतात. दिवाकर म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे. त्यांनी १९११ मध्ये 'महासर्प' ही पहिली नाट्यछटा लिहिली. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोरचा काय म्हणाला ते आपल्याला ऐकू येत नाही, ते बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ओळखायचे असते. निम्मा संवाद गाळायचा आणि तो वाचकाकडून भरून घ्यायचा, हे अतिलघुकथेचे सगळ्यात अवघड कसब. ते मराठीत शंभर वर्षांहून आधी साधले गेले होते. पुण्यात १९२३ मध्ये निघालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश या कवींबरोबर हा गद्यकारही होता. रविवारी जमायचे, चहा घ्यायचा, नवे लिहिलेले वाचायचे आणि त्यावर बोलायचे, असा त्या मंडळाचा क्रम. त्यांच्यावर परस्परस्तुतीचा आरोप झाला, अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या कवितेची मनसोक्त विडंबने केली. मला ती विडंबनेही त्या काळाच्या वाङ्मयीन आरोग्याची खूण वाटते. आज एखाद्या गाजलेल्या अलककाराचे विडंबन कुणी लिहील का? नाट्यछटा पुढे मुख्यतः शाळकरी मुलांच्या सादरीकरण स्पर्धांत टिकली. मुले ती सुरेख करतात, पण प्रौढ लेखकांनी ती आपली मानली असती तर अलकला एक भक्कम पाया आयता मिळाला असता.

बाहेर काय घडले तेही पाहू. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या विज्ञानकथाप्रेमींनी १९८० च्या दशकात मोजून शंभर शब्दांची कथा हा खेळ रूढ केला. ड्रॅबल हे नाव त्यांनी माँटी पायथन या विनोदी मंडळींच्या एका पुस्तकातून उचलले. त्यातूनच १९८८ मध्ये अशा शंभर कथांचे पुस्तक निघाले. फ्लोरिडात जेरोम स्टर्न यांनी १९८६ पासून अडीचशे शब्दांच्या कथांची स्पर्धा चालवली. बक्षीस शंभर डॉलर आणि संत्र्यांची पेटी. पुरस्काराची रक्कम एवढीच, पण त्या स्पर्धेतल्या कथांमधून १९९६ मध्ये 'मायक्रो फिक्शन' हे नेटके संकलन झाले. बक्षीस लहान असल्याने लोक खेळायला आले, आणि निवड काटेकोर असल्याने पुस्तक उभे राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच जागी होत्या, हे लक्षात घ्यावे असे आहे.

आपल्याकडे पहिली आहे, दुसरीची वानवा आहे. आपल्या अलकचा साचा आता डोळे मिटून सांगता येतो. वृद्धाश्रम, आईचा डबा, सैनिकाचे पत्र, कामवाल्या बाईची मुलगी. आणि शेवटच्या ओळीत डोळ्यांत पाणी आणणारी कलाटणी. कलाटणी वाईट नव्हे. पण ती आधी ठरवून मग तिच्यासाठी माणसे उभी केली की ती माणसे कलाटणीपुरतीच जगतात. अलकच्या स्पर्धांनी हा साचा आणखी घट्ट केला, कारण शंभर कथा एका बैठकीत वाचणाऱ्या परीक्षकाच्या मनात धक्का देणारीच राहते. आणि लिहिणाऱ्यांमधल्या सख्याने त्यावर शिक्का मारला: कथेखाली वीस जणांचे 'अप्रतिम', 'निःशब्द', दोन हात जोडलेले. त्यात कुणी 'शेवटची ओळ काढ' असे लिहिले तर ते उद्धटपणाचे वाटते.

त्या ओळीचेच एक उदाहरण मी इथे रचतो. विषय 'किल्ली'. 'दलालाला खाली थांबवून तो शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली मागायला गेला. काकूंनी आधी चहा टाकला. मग देव्हाऱ्यामागून किल्ली काढून दिली आणि म्हणाल्या, रात्री उशीर झाला तर हाक मार, मी जागी असते. आईही अगदी असंच म्हणायची.' शेवटचे वाक्य गाळून पुन्हा वाचा. दलाल आहे, म्हणजे घर विकायचे आहे. किल्ली शेजारी आहे, म्हणजे घरात कुणी उरलेले नाही. काकूंना व्यवहाराची कल्पना नाही, किंवा आहे आणि तरी त्या असे म्हणताहेत. आई वाचकाच्या मनात आपोआप येते. लिहिणाऱ्याला ते वाक्य गाळवत नाही, कारण त्याच वाक्यासाठी त्याने कथा लिहिली असते. ते दुसऱ्यानेच गाळावे लागते. सोबतीने लिहिण्याचा खरा लाभ मला हा वाटतो, आणि तोच आपण घेत नाही आहोत.

सख्याला आणखी एक बाजू आहे. उर्दू कथाकार मंटोचे फाळणीवरच्या अतिलघुकथांचे 'सियाह हाशिये' हे पुस्तक १९४८ मध्ये लाहोरला आले. काही तुकडे दोन-तीन ओळींचे. त्यांत लेखक ना रडतो ना बाजू घेतो. पुरोगामी गोटातल्या त्याच्या सोबत्यांनी त्यावर झोड उठवली. त्यांना न मानवणाऱ्या समीक्षक हसन अस्करींची प्रस्तावना होती हेही एक कारण. मंटोला ते लागले. पण गोटाची पसंती बघून तो लिहीत बसला असता तर ते पुस्तक झालेच नसते. गटात राहून गटाच्या आवडीविरुद्ध लिहिणाऱ्याला जागा ठेवणे फार कठीण असते. आपल्या अलककारांत असे दोघे-तिघे नक्की आहेत. त्यांच्या कथांखाली शांतता असते, एवढ्यावरून त्या ओळखू येतात.

स्पर्धा कशी कणखर राहू शकते हे पाहायला पुण्यातच जावे. १९६३ पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिर घोषणांनी दणाणून जाते, प्रतिस्पर्धी महाविद्यालयांची मुले एकमेकांच्या एकांकिका जीव ओतून पाहतात. तरीही २०२२ मध्ये परीक्षकांनी मानाचा करंडक कुणालाच दिला नाही. मोठा वाद झाला, मुले दुखावली. निर्णय बरोबर होता की नाही यावर मतभेद असू शकतात. पण स्पर्धेला 'या वर्षी नाही' म्हणता येते, हे त्या कलेला कळले. अलकच्या एखाद्या स्पर्धेने हे केल्याचे माझ्या वाचनात नाही. उत्तेजनार्थ बक्षिसे मात्र वाढत जातात.

माझी मागणी दिवाळी अंकांच्या संपादकांकडे आहे. विजेत्या तीन कथा चौकटीत छापून पानपूरक म्हणून वापरू नका. एकाच विषयावरच्या दहा कथा सलग छापा, म्हणजे त्याच 'किल्ली'तून एकीला भाडेकरू दिसला, दुसऱ्याला तुरुंग आणि तिसरीला आजोबांची ट्रंक, हे वाचकाला कळेल. शेजारी परीक्षकाचे टिपण नाव घालून छापा: कुठले वाक्य जास्तीचे, कुठला शेवट आधीच ओळखू येतो. आणि लेखकांची तयारी असेल तर एका कथेचा पहिला खर्डाही छापा, मित्राने मारलेल्या लाल रेघांसकट.