विनोदाची मालकी : दूरचित्रवाणीवरील प्रहसन आणि निर्मितिसंस्था

विनोदी वाङ्मयाच्या समीक्षेत लेखकाचा आणि नटाचा विचार पुष्कळ झाला आहे. निर्मितिसंस्थेचा मात्र जवळजवळ झालेला नाही. रंगभूमीपुरती ही उपेक्षा एक वेळ खपून जाते. दूरचित्रवाणीच्या बाबतीत ती खपत नाही. कारण तेथे कृतीची लांबी, तिचा शेव��� आणि तिचे पुढील आयुष्य यांचा निर्णय बहुधा लेखकाच्या हाती नसतो.

या दृष्टीने ब्रिटनमधील 'हॅट ट्रिक' या स्वतंत्र संस्थेचे उदाहरण अभ्यसनीय आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'चॅनल फोर'ने कार्यक्रम स्वतः न करता बाहेरून घेण्याचे धोरण स्वीकारले आणि लहान संस्थांना वाव मिळाला. त्यांपैकी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या 'हॅट ट्रिक'ने विनोद हेच आपले प्रमुख क्षेत्र ठरविले. पुढे १९९० च्या कायद्याने प्रक्षेपणसंस्थांवर सुमारे पाव हिस्सा कार्यक्रम स्वतंत्र निर्मात्यांकडून घेण्याचे बंधन घातले, आणि २००३ च्या कायद्यानंतर कृतीवरील हक्क निर्मात्याकडे राहण्याची वाट अधिक प्रशस्त झाली. या संस्थेची 'फादर टेड' ही मालिका १९९५ ते १९९८ या काळात अवघ्या २५ भागांत आटोपली. उलट १९९० पासूनचा 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' हा कार्यक्रम दीर्घकाळ टिकला. अर्थात आटोपशीरपणा हा केवळ स्वतंत्र संस्थेचा गुण नव्हे, बी. बी. सी.ने स्वतः निर्माण केलेली 'फॉल्टी टॉवर्स' ही मालिका १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भागांची आहे. म्हणून मुद्दा भागसंख्येचा नाही. कृती कोठे थांबवावी हे ठरविण्याच्या अधिकाराचा आहे.

मराठीचा इंग्रजी प्रहसनाशी संबंध जुना आहे. देवलांचे 'संशयकल्लोळ' मर्फीच्या इंग्रजी प्रहसनातून उतरले. अत्र्यांची 'मोरूची मावशी' ब्रँडन टॉमसच्या 'चार्लीज आंट' या १८९२ च्या नाटकावरून आली. हे रूपांतर कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतील एका शब्दात आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघीही सामावतात. मराठी लेखकाला त्यांतून एकीची निवड करणे भागच असते. आत्या म्हटले की माहेरचा मान आणि दरारा आला. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या समाजात मावशीपाशी मात्र लाड आणि मोकळीक गृहीत असते. तरुणांच्या बनावाला सोयीची अशी हीच मावशी होय. उसने कथानक येथे नात्याच्या निवडीने मराठी झाले.

ठाण्याच्या रंगायतनाला गडकऱ्यांचे आणि कल्याणच्या रंगमंदिराला अत्र्यांचे, म्हणजे दोन थोर विनोदकारांचे नाव आहे. ही दोन नाट्यगृहे आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांनी दिवसभराचा लोकलप्रवास करून परतणाऱ्या नोकरदार वर्गाला नाटकाची गोडी लावली. सोनी मराठीवर २०१८ मध्ये सुरू झालेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' अशाच रसिकतेला आवाहन करते. तिचे बळ रंगभूमीचे आहे : तोच नटसंच निरनिराळ्या नात्यांत उभा राहतो आणि समोरच्या प्रेक्षकाचे हसू हीच तिची लय ठरते. पण भागांच्या राशीत लकबींची पुनरुक्ती होते. एकदा हशा मिळविलेले पात्र पुन्हा पुन्हा बोलावले जाते. या दोषाचे खापर केवळ लेखकावर फोडणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे खाजगी वाहिनी पैसा पुरविते आणि हक्क सामान्यतः तिच्याकडेच राहतात. निर्मितिसंस्थेचे स्थान बव्हंशी कंत्राटदाराचे असते.

रंगभूमीवर चित्र निराळे दिसते. नाट्यसंस्था प्रयोग थांबवू शकते आणि वर्षांनी नाटक पुन्हा उभेही करू शकते. 'मोरूची मावशी' १९८० नंतरच्या दशकात 'सुयोग'ने पुन्हा रंगभूमीवर आणली आणि विजय चव्हाणांच्या भूमिकेने ती नव्या पिढीची झाली. हे शक्य झाले, याचे एक कारण म्हणजे संहिता छापील होती आणि तिला वारस होता. मालिकांतील प्रहसनांच्या संहिता क्वचितच ग्रंथरूप घेतात. वाहिनीने कार्यक्रम बंद केला की अभ्यासकाच्या हाती आठवण उरते, पाठ उरत नाही.

स्वतंत्र संस्था निघाल्या म्हणजे विनोद आपोआप सकस होईल, असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या विनोदाला स्वतःचा शेवट ठरविता येत नाही आणि स्वतःची संहिता जपता येत नाही, त्याला परंपरा निर्माण करणे कठीण आहे. मराठी विनोदाच्या अभ्यासकाने आता 'हा विनोद कोणाचा ?' हा प्रश्न लेखकाबरोबर हक्कधारकालाही विचारला पाहिजे. आणि विद्यापीठीय विभागांनी या संहिता मिळवून जतन करण्याचे काम आपल्या कक्षेतले मानले पाहिजे.