सुई कुणाच्या हाती? : गडचिरोलीतील नवजात बालसेवा, कायदा आणि नीती

आधुनिक आरोग्यसेवेतील नैतिक व कायदेशीर प्रश्नांची चर्चा आपल्याकडे बहुधा शहरी रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून केली जाते. रुग्णाची संमती, डॉक्टरांचा निष्काळजीपणा, नुकसानभरपाई, ग्राहक न्यायालय हे तिचे ठरलेले विषय होत. या सर्व चर्चेत डॉक्टर उपस्थित आहे हे गृहीत धरलेले असते. डॉक्टरच उपस्थित नसेल तेव्हा या कायद्याचे आणि नीतीचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या प्रयोगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९९५-९६ या वर्षी ‘सर्च’ने जिल्ह्यातील ३९ गावांत ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी निरीक्षण केले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती, परंतु डॉक्टरांचे दर्शन घडले ते अवघ्या २.६ टक्के बालकांना. ४० बालके दगावली आणि त्यांतील ३८ घरीच दगावली. ५४.४ आणि २.६ या दोन आकड्यांमधील अंतर हाच या लेखाचा खरा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

पुढे १९९६-९७ पासून पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातील स्त्रियांनी, म्हणजे प्रशिक्षित आरोग्यदूतांनी, जंतुदोष झालेल्या बालकांवर घरीच उपचार सुरू केले. त्यांत जेंटामायसिनचे इंजेक्शनही होते. पालकांना प्रथम रुग्णालयाचा सल्ला द्यावयाचा आणि त्यांची तयारी नसल्यास त्यांच्या संमतीने घरी उपचार करावयाचे, अशी पद्धत होती. जंतुदोषाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ इतका खाली आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५८ च्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

आता कायद्याकडे वळू. भारतीय वैद्यक परिषद अधिनियम १९५६ च्या कलम १५ नुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाखेरीज कोणासही वैद्यकव्यवसाय करता येत नव्हता. या कलमाचे शब्दशः वाचन केल्यास आरोग्यदूताच्या हातातील सुई संशयास्पद ठरते. सर्वोच्च न्यायालयाने मे १९९६ मध्ये, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने, दोन निर्णय दिले. ते येथे एकत्र वाचावयास हवेत. पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, वेळेवर उपचार न मिळणे हे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचे उल्लंघन असून आर्थिक अडचणीची सबब सांगून शासनाला ही जबाबदारी टाळता येणार नाही. पूनम वर्मा प्रकरणात, ॲलोपॅथीची पात्रता नसताना ती औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्वाळा दिला. पहिला निर्णय उपचार पोहोचवा असे सांगतो, दुसरा पात्र हातांनीच पोहोचवा असे सांगतो. मुंबई-पुण्यात या दोन आज्ञांमध्ये विरोध दिसत नाही. जेथे पात्र हातच नाहीत तेथे मात्र दुसरी आज्ञा पहिलीला निष्फळ करते.

पूनम वर्मा प्रकरणातील तत्त्व चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. गावोगाव फिरून सलाईन लावणाऱ्या भोंदूंचा सुळसुळाट आपण सर्वांनी पाहिला आहे. जेंटामायसिनची मात्रा चुकल्यास मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय होऊ शकतो, आणि प्रतिजैविकांच्या स्वैर वापराची भीतीही खोटी नाही. परंतु भोंदू आणि आरोग्यदूत यांतील फरक पदवीचा नाही, कारण ती दोघांकडेही नाही. आरोग्यदूत ठरावीक आजारापुरते, ठरावीक मात्रेत औषध देते, प्रत्येक कृतीची नोंद ठेवते आणि तिच्या कामाची तपासणी होते. कायद्याने हा फरक ओळखावयास हवा होता. त्यास तो अगदीच अपरिचित आहे असेही नाही: औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये शासकीय कार्यक्रमांतील आरोग्य स्वयंसेवक व अंगणवाडी सेविका यांना औषधवाटपासाठी परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे.

तुलनेच्या ४७ गावांचा प्रश्न नैतिक दृष्टीने अधिक अवघड आहे. तेथील बालकांना हा उपचार का मिळू नये? उपचाराची परिणामकारकता सिद्ध झालेली नव्हती, हे उत्तर प्रयोगकाळापुरते मान्य करावे लागते. मात्र १९९९ नंतर ते उत्तर कोणालाच उपलब्ध राहिले नाही. ‘आशां’मार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तो २०११ मध्ये. संशोधकास नीतिसमितीपुढे उत्तर द्यावे लागते. या बारा वर्षांचे उत्तर शासनास कोणी विचारले नाही.

आणि कार्यक्रम आला तो सुईविना. आशाने रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा व घरच्या प्रसूतीनंतर सात भेटी द्यावयाच्या, वजन-तापमान पाहावयाचे, धोक्याची लक्षणे ओळखावयाची आणि बाळास रुग्णालयात पाठवावयाचे. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाठविण्यापूर्वीची जेंटामायसिनची मात्रा देण्याची, आणि पाठविणे शक्य नसल्यास उपचार पूर्ण करण्याची मुभा दिली; पण ती उपकेंद्रातील एएनएमला. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी एका एएनएमकडे अनेक गावे असतात आणि नवजात बाळाचा जंतुदोष काही तासांत जीव घेतो. आज प्रसूती रुग्णालयात होण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे हे खरे. परंतु माता दोन-तीन दिवसांत घरी परतते आणि त्यानंतर जडणारा जंतुदोष घरीच गाठतो.

वर्गात हा विषय शिकविताना एटापल्लीकडील एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, आशाताईला बाळ आजारी आहे हे कळतं. पण कळून तिनं करायचं काय?” ‘रुग्णालयात पाठविले’ अशी नोंद झाली की कागदोपत्री व्यवस्थेचे कर्तव्य पूर्ण होते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद असेल तर बाळ न नेल्याचा दोष मात्र आईच्या नावे जमा होतो. धोका नाहीसा झालेला नसतो. व्यवस्थेकडून तो कुटुंबाकडे सरकविलेला असतो. जबाबदारीच्या या सरकवासरकवीची चर्चा वैद्यकीय नीतिशास्त्राच्या आपल्या अभ्यासक्रमांत अभावानेच आढळते.

१९५६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम २०१९ मधील कलम ३२ ने ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ ही मर्यादित परवान्याची कल्पना मांडली, तेव्हा देशभरातील डॉक्टरांनी भोंदूगिरीला राजमान्यता मिळत असल्याचा आक्षेप घेतला. गडचिरोलीचा अनुभव जमेस धरला तर आक्षेप नेमका उलट्या बाजूने घ्यावा लागतो. हा परवाना ‘आधुनिक वैद्यकीय व्यवसायाशी संबंधित’ व्यक्तीसाठी आहे. आजार, मात्रा, नोंद आणि देखरेख यांनी बांधलेली, आठवी शिकलेली गावातील स्त्री त्या शब्दांत बसेल असे दिसत नाही. आणि अडतीस बालके जेथे दगावली त्या घरांपर्यंत चालत पोहोचू शकणारी व्यक्ती तीच आहे.