चिमुकल्या आगगाड्या आणि आपले हरवलेले रूळ

चिमुकली आगगाडी म्हणजे मुलांचे खेळणे, फार तर रिकामटेकड्या श्रीमंतांचा छंद, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही रूढ आहे. आमच्या मते ही एक कला आहे. आणि कला म्हटली की तिचे नुसते कौतुक करून भागत नाही, परीक्षणही करावे लागते.

या कलेचे महाराष्ट्रातील सर्वश्रुत उदाहरण म्हणजे पुण्यास कोथरुडात १ एप्रिल १९९८ रोजी खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे-संग्रहालय. कै. भाऊसाहेब जोशी यांनी हौस आणि कारागिरी यांच्या बळावर ही नगरी उभी केली. दिवे मालवले जातात, खिडक्याखिडक्यांतून उजेड दिसू लागतो, सिग्नल पालटतात आणि एकाच वेळी अनेक गाड्या परस्परांस चुकवीत धावू लागतात, तेव्हा प्रौढ माणूसही क्षणभर भान विसरतो. एवढे गुंतागुंतीचे यंत्रकाम बिनबोभाट चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ही नगरी आहे कोठली? सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, नाना देशांच्या गाड्या आहेत. पण एकंदर तोंडवळा युरोपी. पुण्याचा प्रेक्षक तेथे पाहुणा म्हणून जातो आणि पाहुणा म्हणूनच परततो. जगातील गाड्यांची ओळख करून देणे हा हेतू धरला, तर तो उत्तम साधला आहे. आम्हांस हवे होते ते त्याहून निराळे.

ते काय, हे अमेरिकेकडे पाहिले म्हणजे कळते. तेथे १९३४ साली मिलवॉकी शहरात ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघाले व पुढच्याच वर्षी छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. फ्रँक एलिसन नावाच्या गृहस्थाने १९४४ साली त्याच मासिकात या कलेची तुलना रंगभूमीशी केली: रूळ हा रंगमंच, गाड्या ही पात्रे, वेळापत्रक हे कथानक. हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. नाटकाचे स्थळ व काळ ठरल्यावाचून पात्रांस बोलता येत नाही, तसेच येथेही आहे. म्हणून तेथील जाणता हौशी प्रथम अमुक मार्ग, अमुक साल, अमुक ऋतू असे ठरवितो आणि मगच हातात करवत घेतो. कोलोरॅडोच्या डोंगरांतील रिओ ग्रँड सदर्न हा तीन फुटी रुळांचा मार्ग १८९१ साली पूर्ण झाला. दोनच वर्षांत चांदीचा भाव कोसळला आणि त्याचे कायमचे दारिद्र्य सुरू झाले. पुढे मोटारगाडीचे धूड रुळांवर चढवून टपाल व उतारू नेण्याची पाळी आली. १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत तो उखडलाही गेला. पण त्या दरिद्री मार्गाच्या जेवढ्या प्रतिकृती झाल्या, तेवढ्या कित्येक श्रीमंत मार्गांच्याही झाल्या नसतील.

कोणी म्हणेल की, तिकडे तयार सामान मिळते, येथे काय मिळते? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सर्वाधिक प्रचलित प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्याचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात व ते युरोप-अमेरिकेतील रुळांच्या मापावर बेतलेले आहेत. आपली साडेपाच फुटी रुंद वाट त्या प्रमाणात १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक भरते. सबब मुंबई-पुणे गाडी त्या रुळांवर ठेवली की धिप्पाड पैलवानास बालकाचे जोडे घातल्यासारखे दिसते. आता अडीच फुटी अरुंद मार्ग घ्या. त्याच प्रमाणात तो पावणेनऊ मिलिमीटर होतो. आणि त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरांचे रूळ बाजारात तयार मिळतात! म्हणजे जे मार्ग आपण गमावले, त्यांच्यासाठीच रूळ आयते आहेत. याहून सोयीचा योगायोग कोणता हवा?

आणि गमावलेले मार्ग काही थोडेथोडके नाहीत. हे टिपण आम्ही निरवांगीहून लिहीत आहो. नीरेच्या काठच्या या गावी आगगाडी नाही; तिच्यासाठी बारामती गाठावी लागते. आज तेथे येते ती रुंद रुळांची गाडी. परंतु दौंड-बारामती हा सुमारे २७ मैलांचा फाटा मूळचा अडीच फुटी होता, हे इकडच्या किती तरुणांस ठाऊक असेल? इंदापुराच्या पूर्वेस भीमेपलीकडे गेले की बार्शी लाइट रेल्वेचा मुलूख लागतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तिची कल्पना प्रथम लीड्सजवळ तात्पुरते रूळ घालून लोकांस दाखविली आणि १८९७ साली बार्शीची गाडी सुरू केली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भारी माल जाऊ शके. १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोचली. १९५४ साली सरकारजमा झाली, आणि २०१० च्या सुमारास तिचे अरुंद रूळ पार नाहीसे झाले. रुंदीकरण आवश्यक होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ज्या गाडीने शतकभर वारकरी वाहिले, ती कशी दिसे, कशी वळे, स्टेशनात कशी शिरे, हे नातवंडांस दाखवावयाचे कशावर? छायाचित्रात इंजिन दिसते, त्याची चाल दिसत नाही.

आमच्या मनात म्हणून एक देखावा आहे: आषाढीच्या सुमाराचे कुर्डुवाडी स्टेशन. एका बाजूस मुंबईची रुंद गाडी उभी आहे, दुसऱ्या बाजूस पंढरपुराकडे तोंड केलेली चिमुकली गाडी, आणि दोहोंच्या मध्ये गाठोडी-पताका सावरीत धावणारी माणसे. रुंद गाडीपुरती रुळांची तडजोड सोसावी लागेल. अरुंद गाडीस तीही नको. अडचण एकच उरते. या प्रमाणात माणूस जेमतेम पाऊण इंच उंच होतो. बाजारात मिळणारी तयार माणसे कोट-टोपीतली असतात. मुंडासे बांधलेला, खांद्यावर वीणा घेतलेला वारकरी तेथे मिळावयाचा नाही. तो ज्याचा त्याने चाकू-कुंचला घेऊन घडवावा लागेल, आणि एक घडवून भागणार नाही, निदान दोनशे तरी हवेत.